बदली वडिलांची, इयत्ता मुलांची : सैनिक कुटुंबातील मुलांच्या शाळाबदलाविषयी

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. पती मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार आहेत आणि सध्या पंजाबातील एका पीस स्टेशनवर, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येते अशा छावणीत, कुटुंब त्यांच्यासोबत राहते. येत्या उन्हाळ्यात पलटण ईशान्येकडील फिल्ड भागात जाणार असल्यामुळे कुटुंबाला सोबत नेता येणार नाही. मुलगी केंद्रीय विद्यालयात आठवीत आहे, तर मुलगा मार्चअखेरीस साडेपाच वर्षांचा होईल. सासर कोरेगाव तालुक्यात असून गावातील जिल्हा परिषदेची शाळा आणि माध्यमिक विद्यालय दोन्ही चांगली आहेत. तेव्हा मुलांना गावी ठेवावे, पुण्यात खोली घ्यावी, की क्वार्टर मागून आहे तेथेच थांबावे, असे आपण विचारले आहे. केंद्रीय विद्यालयात शिक्षक म्हणून, पुढे प्रवेशाचे काम पाहणारा म्हणून आणि शेवटी प्राचार्य म्हणून मी निरनिराळ्या छावण्यांत राहिलो आहे. त्या अनुभवावरून आणि नियमांच्या आधारे हे उत्तर लिहितो.

मत आधी सांगतो, कारणे मागाहून. मुलीला या टप्प्यावर गावच्या विद्यालयात घालू नये. ते विद्यालय कमी प्रतीचे आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. ती आता नववीत जाणार आहे, आणि नववी ही मंडळ बदलण्याची इयत्ता असली तरी एकदा बदलले की दोन वर्षे माघार घेता येत नाही, हे त्याचे कारण आहे. पुणे किंवा सध्याचे ठिकाण यांपैकी कोणताही पर्याय चालेल. माझा कल पुण्याकडे आहे. मुलाची शाळा मुलीच्या शाळेला धरून ठरवावी. घरातील धाकट्याच्या सोयीने मोठ्या मुलीची नववी ठरवल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्याची किंमत नेहमी मोठीनेच दिलेली आहे.

बदली होणाऱ्या कुटुंबात 'शाळा कोणती चांगली' हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. त्याआधी 'मूल कोणत्या इयत्तेच्या उंबरठ्यावर आहे' हे पाहायला हवे. दुसरीपासून सातवीपर्यंत मूल कोणत्याही राज्यातून कोणत्याही राज्यात गेले तरी नुकसान भरून काढता येते. पहिली, नववी आणि अकरावी या तीन जागी मात्र नियम आडवे येतात. नववीत सीबीएसईकडे विद्यार्थ्याची नोंदणी होते आणि त्याच नोंदणीवर दहावीची परीक्षा उभी असते. दहावीत थेट प्रवेश द्यायचा असेल तर विद्यार्थी सीबीएसईशी संलग्न शाळेतूनच नववी उत्तीर्ण असावा लागतो, शिवाय पालकांची बदली किंवा कुटुंबाचे स्थलांतर यांसारखे सबळ कारण कागदोपत्री दाखवावे लागते. बारावीलाही हाच न्याय लागू होतो. म्हणून नववी-दहावी मिळून एक गाठोडे आणि अकरावी-बारावी मिळून दुसरे, असे समजून चालावे. आपली मुलगी यंदा राज्य मंडळाच्या शाळेत नववीला बसली आणि वर्षभरात पलटणीला पुन्हा पीस स्टेशन मिळाले, तर दहावीसाठी तिला सोबत नेणे जवळपास अशक्य होईल. ती गावी आणि आपण दुसरीकडे, असे ते वर्ष काढावे लागेल.

दुसरे कारण केंद्रीय विद्यालयाच्या दाखल्याचे आहे. ही शाळाव्यवस्था मुळात आपल्यासारख्यांसाठीच उभी राहिली. दुसऱ्या केंद्रीय वेतन आयोगाच्या शिफारशीवरून १९६२ साली योजनेला मान्यता मिळाली, आणि १९६३ मध्ये सुरुवात झाली ती वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन. त्यामुळे एका केंद्रीय विद्यालयाचा दाखला घेऊन पालकाच्या बदलीच्या ठिकाणी दुसऱ्या केंद्रीय विद्यालयात जाणाऱ्या मुलाला नव्या अर्जदारांच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. त्याचा प्रवेश वेगळ्या नियमाने होतो, आणि वर्गाची पटमर्यादा ओलांडली जात असेल तर विभागीय कार्यालयातील उपायुक्तांच्या परवानगीचा मार्ग उपलब्ध असतो. मध्येच मूल राज्य मंडळाच्या किंवा खासगी शाळेत गेले, तर परत येताना ते सर्वसाधारणपणे नवा अर्जदार ठरते. रिक्त जागा असेल तरच विचार होतो, आणि नववीसाठी हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्र या विषयांची लेखी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. हातात असलेली ही सवलत केवळ एका वर्षाचे घरभाडे वाचवण्यासाठी सोडणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

आता, पतींची बदली पुण्याला झालेली नसताना पुण्यातील केंद्रीय विद्यालयात प्रवेश कसा मागायचा, ही आपली शंका रास्त आहे. संरक्षण दल किंवा निमलष्करी दलातील पालक जेव्हा कुटुंब सोबत ठेवता येत नाही अशा ठिकाणी अथवा अशांत क्षेत्रात नेमला जातो, तेव्हा त्याचे कुटुंब जेथे राहणार असेल त्या ठिकाणच्या केंद्रीय विद्यालयात मुलांना दाखल्यावर प्रवेश मागता येतो. ही तरतूद प्रवेशाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ती प्रत्येक शाळेच्या कार्यालयातील कारकुनाला तोंडपाठ असेलच असे नाही. म्हणून त्या वर्षीच्या सूचनांची प्रत सोबत ठेवावी आणि संबंधित परिच्छेदावर पेन्सिलीने खूण करून ती नम्रपणे पुढे करावी. वाद घालण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो. प्राचार्यांना आपल्याकडून एकच गोष्ट हवी असते: कमांडिंग ऑफिसरच्या सहीशिक्क्याचे असे प्रमाणपत्र, ज्यात नेमणूक कुटुंबासह राहता न येणाऱ्या भागात आहे आणि कुटुंब अमुक शहरात राहणार आहे, एवढे स्पष्ट लिहिलेले असेल. पलटणीची हालचाल दाखवणारा मूळ आदेश शाळेत देण्याची गरज नसते आणि तो देऊही नये. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तर त्याचा फोटो चुकूनही टाकू नये. शाळेच्या फाइलीतला कागद किती हातांतून जातो, याची कल्पना बाहेरच्या माणसाला नसते.

पुण्यात बीईजी (बॉम्बे इंजिनिअर ग्रुप), सदर्न कमांड, गणेशखिंड, देहूरोड, सीएमई (कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग), लोहगाव अशा ठिकाणी केंद्रीय विद्यालये आहेत, आणि त्यांच्यातील अंतरे लहान नाहीत. आधी खोली आणि मग शाळा, हा क्रम येथे उलटा करावा. दोन-तीन विद्यालयांत प्रत्यक्ष जाऊन नववीच्या वर्गाचा पट, अकरावीला असलेल्या शाखा आणि बालवाटिका (पहिलीपूर्वीचे वर्ग) आहे की नाही, हे विचारावे. लेखी होकार मिळाला की त्याच बाजूला भाड्याचे घर पाहावे. देहूरोडला घर आणि बीईजीला शाळा अशी व्यवस्था केली तर मुलीचे रोजचे दोन-अडीच तास रस्त्यावरच जातील. केंद्रीय विद्यालयात जागा नसेल तर खडकी किंवा दिघीच्या आर्मी पब्लिक स्कूलचा विचार करावा. या शाळा १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आर्मी वेलफेअर एज्युकेशन सोसायटीच्या असून सीबीएसईशी संलग्न आहेत, त्यामुळे मंडळ तेच राहते. शुल्क मात्र अधिक असते आणि पुढे केंद्रीय विद्यालयात परतणे अवघड होते, हे गृहीत धरावे.

सध्याच्या ठिकाणी थांबण्याचा पर्यायही दुर्लक्षित करू नये. फिल्डमध्ये गेलेल्या जवानाच्या कुटुंबासाठी सेपरेटेड फॅमिली क्वार्टरची सोय ठरावीक स्टेशनांवर असते. मिळण्याची शक्यता असेल तर अर्ज वेळेत, पलटणीमार्फत जावा. फायदा उघड आहे: मुलीची शाळा, मैत्रिणी, शिक्षक काहीच बदलत नाही. तोटा असा की आजारपणात किंवा अडीअडचणीला धावून येणारे माणूस जवळ नसते, आणि पलटण गेल्यानंतर शेजारही बदललेला असतो. पुण्याकडे माझा कल असण्याचे आणखी एक कारण पुढील प्रवेशांशी निगडित आहे. ते खाली येईल.

भाषेचा विषय मी जरा विस्ताराने मांडतो, कारण गावच्या शाळेचा निर्णय घेताना बहुतेक कुटुंबे येथे फसतात. 'पोरं घरात मराठीच बोलतात, मग मराठी शाळेत काय अडचण' असे आजी-आजोबा म्हणतात, आणि ते ऐकायला पटतेही. परंतु केंद्रीय विद्यालयात शिकलेले मूल हिंदी, इंग्रजी आणि सहावीपासून संस्कृत शिकलेले असते; मराठी त्याने ऐकलेली व बोललेली असते, लिहिलेली नसते. देवनागरी येते म्हणून मराठी लिहिता येईल, हा समज आठवड्याभरात गळून पडतो. अशा मुलांची श्रुतलेखनाची वही उघडून पाहावी: 'नळ' ऐवजी 'नल', 'काळा' ऐवजी 'काला', 'दुसऱ्या' चे 'दुसर्या', 'त्यांनी' चे 'उन्होंनी' च्या धर्तीवर काहीतरी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाच्या बिंदूऐवजी हिंदीतला उभा दंड. तिसरी-चौथीतल्या मुलाचे हे सहा महिन्यांत सुटते. नववीतल्या मुलीला मात्र त्याच काळात मराठी माध्यमातून विज्ञान आणि इतिहासही लिहायचा असतो. 'फोटोसिंथेसिस' शिकलेल्या मुलीला 'प्रकाशसंश्लेषण' समजायला वेळ लागत नाही, पण परीक्षेत तीन तासांत पाच ओळींचे सलग मराठी उत्तर लिहिण्याचा हात तिच्याकडे नसतो. हुशार मुलीचे गुण एकाएकी घसरतात, आणि घरात मग 'लक्ष नाही' असा शेरा बसतो.

तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले तरी मराठी विषय सुटत नाही. महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे करणारा कायदा २०२० साली झाला आणि २०२०-२१ पासून पहिली व सहावीपासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. बाहेरच्या राज्यातून मधल्याच इयत्तेत आलेल्या मुलाला कोणती सूट आहे, मराठीचे मूल्यमापन गुणांनी होते की श्रेणीने, ते निकालात धरले जाते की नाही, हे त्या शाळेच्या कार्यालयातून त्या वर्षीच्या परिपत्रकासह विचारून घ्यावे. पुण्यातील केंद्रीय विद्यालयातही हा प्रश्न विचारावाच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे भाषांची रचना सर्वत्र बदलत असल्याने मागच्या वर्षी गेलेल्या शेजारणीची माहिती यंदा लागू होईलच असे नाही. मुलीने मराठी लिहायला शिकावे ही आपली इच्छा अत्यंत योग्य आहे. त्यासाठी शाळा बदलण्यापेक्षा येत्या सुट्टीत आजोबांकडून रोज अर्धे पान श्रुतलेखन घ्यावे.

अभ्यासक्रमातील खाचांविषयी थोडक्यात. एनसीईआरटीची पुस्तके आणि बालभारतीची पुस्तके यांतील विषय बव्हंशी तेच असतात, क्रम मात्र वेगळा असतो. एखादा गणिताचा घटक एकीकडे सातवीत तर दुसरीकडे आठवीत येतो. बदलीचे मूल एखादा घटक दोनदा शिकते आणि एखादा कधीच शिकत नाही. यावर उपाय साधा आहे. दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवाव्यात, मुलाला जे येते त्यावर बरोबरची खूण करावी, आणि उरलेल्या दोन-तीन प्रकरणांपुरतीच मदत घ्यावी. सरसकट शिकवणी लावल्याने ही गाळलेली प्रकरणे सापडत नाहीत, कारण शिकवणीचे शिक्षक शाळेत चालू असलेलाच धडा शिकवतात. एनसीईआरटीची नवी पुस्तके २०२३ पासून इयत्तावार येत आहेत, म्हणून मोठ्या भावंडाचे जुने पुस्तक या कामाला धरू नये.

मुलाचा प्रश्न वरवर सोपा दिसतो; पण पहिलीच्या वयाची अट दोन ठिकाणी दोन प्रकारची आहे. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्च रोजी सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. महाराष्ट्रात सहा वर्षांचे वय ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण होत असले तरी त्या वर्षी जूनमध्ये पहिलीत घेतले जाते. आपला मुलगा मार्चअखेरीस साडेपाच वर्षांचा, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास सहा वर्षांचा होणार. गावच्या शाळेत तो या जूनमध्येच पहिलीत बसू शकेल. पुण्यात किंवा पंजाबात केंद्रीय विद्यालयात त्याला बालवाटिकेच्या शेवटच्या वर्गात बसावे लागेल आणि पहिली पुढच्या वर्षी. 'एक वर्ष वाचले' म्हणून गावी पहिलीत घातला आणि वर्षभराने केंद्रीय विद्यालयात दुसरी मागायला गेलात, तर वयाच्या अटीवर अर्ज अडकेल आणि त्याला पुन्हा पहिलीत बसवावे लागेल. पहिली दोनदा करणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला आपण नापास झालो असेच वाटते, कितीही समजावले तरी. त्याने यंदा बालवाटिकेत किंवा आर्मी प्री-प्रायमरीत जावे. बालवाटिका सगळ्या केंद्रीय विद्यालयांत नाही, हे ध्यानात ठेवून चौकशी करावी.

त्याचा पहिलीचा प्रवेश हा नवा प्रवेश असेल, म्हणून तेथे अग्रक्रम मोजला जाईल. केंद्र सरकारी कर्मचारी आणि सैनिकांच्या पाल्यांना पहिला अग्रक्रम आहे, आणि त्या गटात मागील सात वर्षांत पालकाच्या किती बदल्या झाल्या याला महत्त्व आहे. बदली म्हणून मोजण्यासाठी दोन ठिकाणांमध्ये किमान वीस किलोमीटरचे अंतर आणि एका जागी किमान सहा महिन्यांचा मुक्काम असावा लागतो. बदल्यांचे हे प्रमाणपत्र पलटण फिल्डमध्ये जाण्यापूर्वीच तयार करून घ्यावे. एकदा पलटण डोंगरात गेली की एका सहीसाठी महिना जातो.

आता कागदपत्रांकडे वळतो. शाळाबदलातील निम्मी अडचण येथेच असते. सर्वांत आधी नाव. आपल्याकडे गावच्या जन्मदाखल्यावर आडनाव, नाव, वडिलांचे नाव असा क्रम असतो. आधारवर तोच क्रम फिरलेला असतो. पंजाबातील शाळेने नुसते नाव व आडनाव लिहिलेले असते. आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैनिकाच्या कुटुंबाच्या नोंदीच्या लष्करी आदेशात, पलटणीच्या कार्यालयात ज्या कोणी नोंद केली त्याच्या उच्चाराप्रमाणे स्पेलिंग पडलेले असते. जन्मतारखेतही एखाद्या दिवसाचा फरक आढळतो. पाचवीपर्यंत याकडे कोणी पाहत नाही. नववीची सीबीएसई नोंदणी मात्र शाळेच्या नोंदवहीवरून होते आणि तेच स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर छापले जाते. नंतरची दुरुस्ती कष्टाची आणि काही बाबतींत अशक्य असते. जन्मदाखला, आधार, शाळेची नोंदवही आणि पार्ट टू ऑर्डर हे चारही कागद याच महिन्यात टेबलावर शेजारी मांडावेत, प्रत्येक अक्षर जुळवून पाहावे, आणि फरक असल्यास मुलगी आठवीत असतानाच सध्याच्या शाळेत अर्ज द्यावा. पार्ट टू ऑर्डरची दुरुस्ती पलटणीमार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे जाते आणि तिला वेळ लागतो.

दाखल्यासोबत मूल ऑनलाइनही 'सुटले' पाहिजे. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंद प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याचा कायम शिक्षण क्रमांक असतो. जुनी शाळा मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत टाकते आणि नवी शाळा तेथून त्याला आपल्या पटावर घेते. जुन्या शाळेने हे केले नाही तर मूल प्रत्यक्षात पुण्यातील वर्गात आणि संगणकावर पंजाबात, असा प्रकार महिनोन्‌महिने चालतो व शेवटी परीक्षेच्या नोंदणीच्या वेळी गोंधळ उडतो. दाखला घेताना हा क्रमांक आणि अपार (विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख) क्रमांक लिहून घ्यावा आणि 'ड्रॉपबॉक्स केले का' असे स्पष्ट विचारावे. मंडळ किंवा राज्य बदलत असेल तर दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली जाऊ शकते. त्यासाठी नंतर दीड-दोन हजार किलोमीटर परत जाण्यापेक्षा निघण्यापूर्वीच नव्या शाळेला विचारावे.

महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी एक बाब विशेष महत्त्वाची आहे, आणि ती सांगणारे कोणी भेटत नाही. आपल्याकडील शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात, पोटजात आणि जन्मस्थळ यांची नोंद असते व पुढे जातीचे प्रमाणपत्र आणि जात पडताळणी यांत त्या नोंदीला वजन असते. बाहेरच्या राज्यांतील शाळांच्या दाखल्यांवर ही नोंद बहुधा नसते. बारावीनंतर राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा असेल, तर मुलीच्या दाखल्यावर भिस्त ठेवता येणार नाही. पतींचा, सासऱ्यांचा आणि शक्य असल्यास त्यांच्या आधीच्या पिढीतील कोणाचा गावच्या शाळेतील दाखला किंवा निर्गम उतारा (शाळेच्या नोंदवहीतील नोंदीची प्रत) मिळवून ठेवावा लागेल. हा मुद्दा आपल्याला लागू असेल तर, येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यावा. जुनी रजिस्टरे जीर्ण होत आहेत, आणि बारावीच्या निकालानंतर तहसील कार्यालयात गर्दी किती असते ते वेगळे सांगायला नको.

पुण्याकडे कल असण्याचे राहिलेले कारण असे. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात उमेदवारांचे प्रकार केलेले असतात. राज्यातील मान्य संस्थेत शिकून उत्तीर्ण झालेला अधिवासी उमेदवार पहिल्या प्रकारात येतो, तर आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असून शिक्षण बाहेर झालेला दुसऱ्या प्रकारात. म्हणजे बाहेर शिकल्याने दार बंद होत नाही, तरीही कागद वाढतात. शिवाय सैनिकांच्या पाल्यांसाठी स्वतंत्र राखीव जागा असतात: माजी सैनिकांचे अधिवासी पाल्य, सेवेतील सैनिकांचे अधिवासी पाल्य, आणि अधिवासी नसले तरी महाराष्ट्रात बदलून आलेल्या सैनिकांचे पाल्य, असे तीन गट. वैद्यकीय प्रवेशात राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून असण्याची सर्वसाधारण अट अधिक कडक आहे. सैनिकी गटांना लागू असलेल्या सवलती त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शब्दशः वाचाव्यात. मुलगी पुण्यात सीबीएसईतूनच दहावी झाली तरी ती 'महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण' ठरते, राज्य मंडळच असले पाहिजे असे नाही. मंडळ न बदलता राज्य बदलण्याचा हा फायदा गावच्या पर्यायात मिळत नाही. दहावीनंतर अकरावीला शाखा निवडताना मात्र एक काळजी घ्यावी: लहान छावण्यांतील केंद्रीय विद्यालयांत वाणिज्य किंवा मानव्यविद्या शाखा असतेच असे नाही, आणि जीवशास्त्राबरोबर हवा तो ऐच्छिक विषय मिळतोच असेही नाही. अकरावीत विषय घेतल्यानंतर बारावीत बदली झाली तर तेच विषय पुढच्या शाळेत हवेत.

सैनिकी शाळेविषयी आपण ओझरते विचारले आहे. १९६१ साली सुरू झालेले साताऱ्याचे सैनिक स्कूल आपल्या घरापासून जवळ आहे, मुलींनाही आता प्रवेश आहे, आणि सेवेतील व माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी काही जागा राखीव असतात. प्रवेश मात्र सहावी व नववीलाच, अखिल भारतीय परीक्षेतून होतो आणि नववीच्या जागा रिक्ततेवर अवलंबून असतात. मुलीने अर्ज भरला नसेल तर यंदापुरता हा विषय संपला. मुलाच्या बाबतीत तो पाचवीत गेल्यावर पाहावे. बेळगावच्या राष्ट्रीय मिलिटरी स्कूलचाही तेव्हाच विचार करता येईल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मुला-मुलींची वसतिगृहे हा आणखी एक पर्याय आहे, परंतु आई सोबत राहू शकत असताना नववीच्या मुलीला वसतिगृहात ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

खर्चाच्या बाजूला दोन मोठ्या अपत्यांसाठी मिळणारा बाल शिक्षण भत्ता आहे. १ जानेवारी २०२४ पासून तो दरमहा प्रतिअपत्य २,८१२.५० रुपये झाला आहे. वर्ष संपल्यावर शाळेच्या प्रमुखाचे बोनाफाइड प्रमाणपत्र जोडून तो मागावा लागतो. शाळा वर्षाच्या मध्यावर बदलली असेल तर दोन्ही शाळांची प्रमाणपत्रे ठेवावीत.

वर्षाच्या मध्यावर हलावे लागण्याची शक्यता आपल्या बाबतीत कमी दिसते. तरी पलटणीचा मूव्ह लवकर आलाच, तर शक्य होईल तेवढे वार्षिक परीक्षेपर्यंत थांबावे. नाइलाज झाल्यास दाखल्याबरोबर त्या वेळेपर्यंतच्या नियतकालिक चाचण्यांचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण शाळेच्या शिक्क्यानिशी लिहून घ्यावेत. दहावीला प्रत्येक विषयाचे वीस गुण अंतर्गत असतात आणि नवी शाळा ते अंदाजाने देऊ शकत नाही. बारावीत प्रात्यक्षिकांच्या वह्याही सोबत न्याव्यात, सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नयेत.

आपण बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याचा उल्लेख केला आहे. २००९ च्या या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. परंतु हा हक्क आठवीपर्यंतचा आहे, शिवाय विनाअनुदानित शाळा आणि केंद्रीय विद्यालयांसारख्या विशिष्ट प्रवर्गातील शाळांत बदली मागण्याला तो लागू नाही. गावच्या शाळेत मुलाला घालताना त्याचा उपयोग होईल. मुलीच्या नववीसाठी पुण्यात तो पुढे करण्यात अर्थ नाही, तेथे वर सांगितलेली फिल्ड नेमणुकीची तरतूदच कामाला येईल.

क्रम म्हणून इतकेच करावे. जानेवारी-फेब्रुवारीत चार कागदांची पडताळणी आणि नावाची दुरुस्ती, त्याच वेळी पुण्यातील दोन-तीन विद्यालयांशी पत्रव्यवहार. पलटण निघण्यापूर्वी फिल्ड नेमणुकीचे प्रमाणपत्र व बदल्यांचे प्रमाणपत्र, प्रत्येकी तीन-तीन मूळ प्रती. मार्चअखेरीस आठवीचा निकाल हाती आल्यावर दाखल्याचा अर्ज. केंद्रीय विद्यालयाचे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते, गावची शाळा जूनमध्ये. 'जूनपर्यंत वेळ आहे' असा गावाकडील हिशेब येथे चालत नाही. पुण्यातील प्राचार्यांचा होकार लेखी मिळेपर्यंत मात्र सध्याच्या शाळेतून मुलीचा दाखला काढू नये. दाखला निघाला की तिचे नाव त्या पटावरून कमी होते, आणि पुण्यात काही अडले तर पंजाबातली जागा परत मिळेल याची हमी कोणी देणार नाही.